जादा ताट

माझी सून गोरी हाय, हे आधीच सांगून टाकते. म्हंजे तुमाला चोरून बघायला नको. आमचं गाव लोणीच्या पलीकडं. धाकटा पोरगा रांजणगावला कारखान्यात व्हता. मशिनीचं काम शिकायला त्याला चेक देशात धाडलं, तिथल्या मोराव्हिया नावाच्या मुलखात. वर्षानं परत आला तो लगीन ठरवूनच. भावकीनं तोंडात बोटं घातली. मी म्हणलं, पोरगी कष्टाची दिसती, बाकीचं माझं मी बघीन.

आन् कष्टाचीच निघाली. तिचा मुलूख डोंगराचा, मेंढरांचा, आलुबुखाराच्या बागांचा. तिकडंबी बाहेरचं पायताण घरात चालत न्हाई. पावण्याला दारातच घरातल्या सपाता काढून देत्यात. लग्नाला गल्लीतल्या बाया मिळून भाकरीएवढ्या गोल गोड पोळ्या भट्टीत भाजत्यात, वर खसखस थापत्यात. मग आपली भाकरी तिला काय अवघड? पहिला महिनाभर काठ फाटायचं. नंतर अशी टम्म फुगाय लागली की शेजारणी इस्तू मागायच्या निमतानं चुलीपाशी येऊन बघून जायच्या.

तिची पहिली दिवाळी. पाडव्याला भावकीतली वडीलधारी जेवायला बोलावली व्हती. त्यात थोरले मामंजी, म्हंजे माझं चुलत सासरं. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. सुनेनं ताटं मांडली, वाढली. एक ताट जादा झालं.

"हे कुणाचं?" मामंजींनी इचारलं.

"जो येईल त्याचं," ती म्हणली.

झालं! आपल्याकडं माणूस नसताना वाढलेलं पान कुणाचं असतं? पितरांचं. आन् तेबी ऐन पाडव्याला! मामंजी म्हणलं, "घरात कोण मेलंय म्हणून पान वाढलंया?" आन् न जेवताच पायताण चढवून निघून गेलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

रातच्याला पोरानं मला उलगडून सांगितलं. तिच्या मुलखात नाताळच्या आदल्या सांजेला टेबलावर एक ताट जादा मांडत्यात. अवचित कुणी वाटसरू आलाच, तर त्याच्यासाठी. तिची आजी तरणी व्हती तवा तिकडं कम्युनिस्टांचं राज्य आलं. समद्यांची रानं एकत्र करायची म्हणून सायेब लोक घरोघर फिरायचं. एक सायेब नेमका नाताळच्या सांजेला दारात हजर. आजीनं त्याला त्या जादा ताटावर बसवलं, पोटभर वाढलं, आन् म्हणली, "जेवण तुझं. रान माझं."

रान गेलंच शेवटी. सरकारापुढं कुणाचं चालतंय? पण म्हातारीनं ताट मांडायचं मरेस्तवर सोडलं न्हाई. मला ती बाई लई आवडली. तिच्यासंगं एका जागी बसून तंबाखू मळावी अशी.

पौषात गावची यात्रा आली. आमच्यात आमटी गाव शिजवतं, मोठाल्या कढयांत. भाकरी मात्र घरोघरनं यायच्या. देवळामागं धोतरावर समद्या भाकरींचा एकच ढीग. तिथनं पंगतीला वाढायच्या. दोन दिस आधी मामंजींचा निरोप आला, "औंदा तुमच्या घरची भाकरी नको."

म्हंजे काय, कळलं का? आज भाकरी नको, उद्या हिला हळदीकुंकवाला नको, परवा हिच्या लेकरांना सोयरीक नको. एक घर गावातनं उठवायचं, तेबी भाकरीवरनं! नवरा म्हणला, "एक साल दम काढ."

"दम तुमी काढा," मी म्हणलं, "मी पीठ मळते."

पहाटेपासनं आमी दोघी भिडलो. मी थापायची, तिनं भाजायची. मग ती थापायची आन् मी भाजायची. पाटी भरली तशी मी डोक्याला चुंबळ लावाय लागले. ती म्हणली, "न्हाई आई, मी." पदर घेतला, पाटी उचलली. मागल्या बोळानं जाता आलं असतं. आमी भर पेठेतनं गेलो, पारावरनं.

ढिगापाशी मामंजी काठी टेकून बसलेलं. ते उठायच्या आत मी पाटी उपडी केली आन् दोन्ही हातांनी ढीग खालवर करून टाकला. जवारी बाजरी समदं एक.

"घ्या मामंजी," मी म्हणलं, "आता काढा तिची भाकरी येचून."

माणसं एकमेकांकडं बघाय लागली. मग वाढप्यांतलं कुणीतरी खुदकन हसलं आन् टोपल्या भराय लागलं. मामंजी तेवढं घरी गेलं. बाकी गाव जेवलं.

तिनिसांजेला सुनेनं जादा ताट मांडलं. म्हणली, "आजोबा उपाशी." मी म्हणलं, ऱ्हाऊ दे, जरा कळू दे. पण तिनं मांडलंच. कुणी आलं न्हाई.

तवापासनं आमच्यात सणाला एक ताट जादा असतंच. कधी मेंढरामागचा धनगर बसला, कधी भांडी इकणारी बाई, कधी कुणीच न्हाई. भावकीला सवय झाली.

मधी बरीच वर्षं गेली. मामंजींची कारभारीण वारली. पोरं पुण्याला. आधी म्हयन्याला यायची, मग सणाला, मग सणालाबी यायची बंद झाली. अशाच एका पाडव्याला आमी ताटावर बसणार, तवर उंबऱ्यावर काठी वाजली. मामंजी. सदरा मळलेला. आत येईनात, माघारीबी जाईनात.

सून उठली. दारात सपाता ठेवल्या. "बसा आजोबा, वाढलंय."

माझ्या लेकीसारख्या पोरीला ह्या माणसानं रडवलं व्हतं. ते मी इसरले नव्हते आन् इसरणारबी न्हाई. पण ताट मांडलेलं व्हतं. मामंजी बसलं. मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले.

"भाकरी हिच्या हातची हाय," मी म्हणलं. "जेवण तुमचं, मामंजी. सून माझी."

मामंजींनी वर बघितलं न्हाई. भाकरी मोडली आन् जेवाय लागलं.