दहाचाकीत बाराचाकीचा माल

प्रिय अनन्या आणि ईशान,

ब्रासशेठ गेल्याचं कळल्यावर तुम्ही दोघांनी विजूकाकाला मेसेज पाठवलात. ‘किती प्रेमळ होते ते,’ असं लिहिलंत. लहानपणी त्याने तुम्हाला चाकणच्या यार्डात डंपरच्या केबिनमध्ये बसवून हॉर्न वाजवू दिला होता, तेवढंच तुमच्या लक्षात आहे. विजूने मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि जेवायला बसला. म्हणून मी लिहायला बसले. त्या माणसाबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते तुम्हाला ठाऊक असावं.

जगातली प्रत्येक वस्तू तो ब्रासमध्ये मोजायचा. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आपल्याकडे वाळू, खडी, मुरूम याच मापाने विकतात. चिंचवडच्या आपल्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा चहा येईपर्यंत भिंतींवरून नजर फिरवत बसला आणि म्हणाला, “म्याडम, तुमचा हॉल अठरा ब्रासचा हाय.” लग्नात भाताचा ढीग दिसला की त्याचेही ब्रास सांगायचा. लोक हसायचे, आणि हसलेला माणूस त्याच्याकडून डंपर घ्यायचा. त्याचा धंदाच तो होता. नव्या गाडीचं गिऱ्हाईक शोरूमला मिळवून द्यायचं आणि घेतलेली गाडी आपल्या यार्डात ‘तयार’ करून द्यायची.

कायदा मात्र ब्रास मोजत नाही. तो वजन मोजतो, आणि तेही अ‍ॅक्सलवर. अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा. दहाचाकी डंपरला असे तीन असतात, एक पुढे आणि दोन मागे. मागच्या दोन्हींवर मिळून एकवीस टनांपेक्षा जास्त भार चालत नाही, आणि गाडीचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं. बाराचाकीला एक अ‍ॅक्सल जास्त, म्हणून तिला जास्त माल नेता येतो. माल भरायचा मागचा हौदा केवढा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याच हौद्यात कोरडी खडी भरली आणि ओला मुरूम भरला, तर ब्रास तेवढेच होतील, वजन तेवढंच होणार नाही. हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. ब्रासशेठला ते समजत नव्हतं असंही मला कधी वाटलं नाही.

विजू म्हणजे तुमच्या आजोबांचा पुतण्या. वडील लवकर गेले. निघोज्याच्या घरी तो आणि त्याची आई, माझी धाकटी जाऊ सुमन. कंपनीतल्या शिफ्टला कंटाळून त्याने स्वतःचा डंपर घ्यायचं ठरवलं. मी त्याला म्हटलं, घेणार असशील तर बाराचाकी घे. ब्रासशेठ तिथेच बसला होता.

“कशाला? दहाचाकीत बाराचाकीचा माल बसवून देतो की! स्प्रिंगचे पाटे वाढवू, हौद्याला वरनं दीड फूट पत्रा जोडू.”

“आणि अ‍ॅक्सलचं काय?” मी विचारलं.

“म्याडम, एक्सल कधी बोलतो का? बोलतो तो वजनकाटा. आन् काटा कुठल्या रस्त्याला लागतो ते ड्रायव्हरला ठावं असतं.”

सगळे हसले. विजूही हसला. “काकू, तुम्ही गाडीलासुद्धा ग्रामर शिकवाल,” म्हणाला. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यावरून हा टोमणा.

‘आधी पासिंग, मग पत्रा, मग पूजा’ हा ब्रासशेठचा क्रम होता, आणि चाकणच्या पट्ट्यात तो रीत असल्यासारखा पाळला जायचा. कंपनीच्या मूळ हौद्यासकट गाडी आरटीओत पास करून घ्यायची. तिथून थेट यार्डात आणून हौद्याला वरून पत्रा जोडायचा. वेल्डिंग थंड झालं की हार, नारळ आणि घरातल्या थोरल्या बाईच्या हातून कुंकू. विजूच्या गाडीला थोरली बाई मी होते. ताट माझ्या हातात होतं. मी म्हटलं, “आधी हा पत्रा उतरवा. मग कुंकू लावते.”

“जाऊबाई, आजच्या दिवशी नका ना,” सुमन हळूच म्हणाली. “पोरगं सकाळपासून उपाशी हाय.”

ब्रासशेठ मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “म्याडमच्या हाताला शाई लागलीय, राव. कुंकू कुठनं लागायचं!” त्याने ताट माझ्या हातून काढून सुमनच्या हातात दिलं. सुमनने पूजा केली. मी रिक्षा करून घरी आले.

पुढच्या पावसाळ्यात, निघोज्याजवळ एका कारखान्याच्या जागेत भराव चालला होता. ड्रायव्हर रजेवर, म्हणून विजू स्वतः गाडी घेऊन गेला. जोडलेल्या पत्र्याच्या काठापर्यंत ओला मुरूम भरलेला. त्याने हौदा उचलला. मुरूम घसरून खाली पडला नाही, वरच चिकटून राहिला. सगळा भार मागे आणि उंचावर गेला, एका बाजूची मागची चाकं भरावात रुतली आणि गाडी कुशीवर पडली. विजू केबिनमध्ये होता. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ब्रासशेठ रोज दवाखान्यात यायचा. सुमनसाठी भाकरी आणि मटकीची उसळ आणायचा आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहायचा. हे खरं आहे म्हणून लिहिते. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, “जमीन कच्ची व्हती. गाडीत दोष न्हाई.” एकदा विजूने पडल्यापडल्या त्याला विचारलं, “शेठ, कंपनीच्या हौद्याइतकाच माल भरला असता तर?”

ब्रासशेठने डबा बंद केला. “तर तुला काम मिळालं नसतं, भावा. दुसऱ्यानं पत्रा लावून नेला असता.”

त्याने माफी मागितली नाही. आपण मागायला हवी होती, असंही त्याला वाटलं नसावं. त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. रस्त्यात दिसला तर “म्याडम, बरं हाय ना?” असं विचारायचा, आणि मी पुढे जायची. तेराव्याला सुमन गेली, कारण तिला त्या भाकऱ्यांची आठवण होती. मी गेले नाही, विजूही गेला नाही.

तुम्ही पाठवलेला मेसेज परत घ्यावा असं मी म्हणत नाही. तो तुमच्याशी चांगलाच वागला होता. विजूला मात्र वेगळा फोन करा, आणि ब्रासशेठचं नाव काढू नका.

यार्ड चालू आहे. आता त्याचा मुलगा बघतो. पास होऊन आलेल्या नव्या गाड्यांना तिथे अजूनही पत्रा जोडतात.

तुमची आजी