पुलापलीकडचा भाऊ

मी गाव सोडलं त्या दिवशी धाकटा भाऊ संतोष एसटीच्या खिडकीला धरून म्हणाला, "ताय, मी पण येतो मागनं." आला, पण माझ्याकडे बहरीनला नाही. सौदीत खोबरला, एका घरी ड्रायव्हर म्हणून. आमच्या मध्ये समुद्र आणि समुद्रावर पूल. आई खूश. "मधी पूल हाय ना? मग काय! खाडी वलांडून बाजाराला जातो तसं जा-ये करा."

आई, तुझी खाडी वेगळी गं. इथे त्याला बाहेर पडायचं तर परवानगी मालकानं काढून द्यायची. माझा सौदीचा व्हिसा दोनदा नाकारला, कारण विचारलं तर 'मफी', म्हणजे काही नाही. इतक्या भाऊबिजा मी मोबाईलला ओवाळत आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चंद्राला ओवाळ, भाऊ नसला की तसंच करतात." मी तोंडावर सांगितलं, माझा भाऊ आहे, धडधाकट आहे, तासाभरावर आहे.

सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक डच इंजिनियर आहे. त्याचं गाव हॉलंड आणि बेल्जियमच्या सीमेवर. लंचला त्यानं फोटो दाखवला. फुटपाथवर पांढऱ्या फुल्या, तीच सीमा. ती कुणाच्या दुकानातून जाते, कुणाच्या घरातून. त्याची बहीण रस्त्यापलीकडे, म्हणजे दुसऱ्या देशात. मीठ संपलं की हा स्लीपर घालून तिच्याकडे जातो म्हणे. सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा काहीच दोष नव्हता. पण राग काय दोष बघून येतो?

मागच्या महिन्यात संतोषचा मालकच घरच्यांना घेऊन वीकेंडला इकडच्या मॉलमध्ये आला. गाडी चालवायला संतोष. मी ताट घेऊन धावले. तो बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा, कारण गाडी सोडून जायचं नाही असा हुकूम. केस किती पिकलेत त्याचे! निरांजन लावणार तोच गार्ड आला. "दीदी, इधर आग नहीं." मग न पेटवलेल्या निरांजनानंच ओवाळलं. करंजी अर्धी खाऊन झाली नाही तोच मालकाचा फोन, "यल्ला," चल लवकर. उरलेली तोंडात कोंबून तो स्टिअरिंगवर बसला. मला नीट रडताही आलं नाही.

परदेशी गेलेली माणसं घर म्हणजे काय ते फार हळवी होऊन सांगतात. मला ते जमत नाही. भाऊ आला की पाट मांडावा आणि "बस रे, घाई कसली" म्हणावं, ते घर. माझ्याकडे पाट आहे, दोन खोल्या आहेत, पगार वेळेवर आहे. घर नाही.