अकरा दिवसांचे दर

दरबाई आमच्या आकडेवारी कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या. हे नाव त्यांना कुणी दिलं ते आठवत नाही, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तेच म्हणायचे. शेजारच्या देशाच्या एका नाण्याला आपली किती नाणी पडत होती, याचा गेल्या ऐंशी वर्षांचा रोजचा तक्ता करणं हे त्यांचं काम. त्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. तक्ता पुरा झाला होता, फक्त अकरा दिवस सोडून.

हे दिवस ज्या वर्षातले, त्या वर्षी आपल्या चलनाची एकाएकी घसरण झाली आणि सरकारने अकरा दिवस बँका बंद ठेवल्या. बंद होण्याच्या आदल्या दिवशी दर होता चार चौदा. उघडल्या त्या दिवशी सात शून्य दोन. मधल्या दिवसांचं कुठेच काही नाही.

साहेबांना पुस्तक छापायची घाई होती. ते म्हणाले, रिकामी घरं बरी दिसत नाहीत, चार चौदापासून सात शून्य दोनपर्यंत सरळ रेघ ओढा आणि मोकळ्या व्हा. दरबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. जे घडलंच नाही ते मी कशी लिहू, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांचे हेलपाटे सुरू झाले. बँकेच्या तळघरात त्या वर्षाच्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. वर्तमानपत्राच्या कचेरीत नेमका तोच गठ्ठा बांधणीला गेलेला, आणि बांधणारा दुकान बंद करून गावी गेलेला. अर्थखात्यात अर्ज दिला, तो तीन महिन्यांनी परत आला, कारण सही निळ्या शाईत होती. काळ्या शाईत पुन्हा दिला तर कळलं की तो विभागच आता दुसऱ्या इमारतीत गेलाय. घरी नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, स्वभावाने शांत. अकरा दिवसांसाठी अकरा महिने झाले, एवढंच तो एकदा बोलला, तर बाई दोन दिवस त्याच्याशी नीट बोलल्या नाहीत. नंतर त्यांनाच वाईट वाटलं.

अखेर वाट सापडली ती रेल्वेच्या एका जुन्या परिपत्रकात. सीमेवरच्या स्टेशनात पलीकडे जाणाऱ्या गाडीचं भाडं ठरलेलं असायचं पलीकडच्या नाण्यांत, पण घ्यायचे आपल्या चलनात. त्यासाठी पलीकडच्या स्टेशनातून रोज सकाळ-दुपार फोनवर दर यायचा आणि तिकीटमास्तर तो वहीत लिहायचा. स्टेशन कधीच बंद पडलेलं. मास्तर वारलेले. पण त्यांच्या बायकोने वह्या जपून ठेवल्या होत्या. दरबाई रजा टाकून गेल्या, मीही सोबत होते.

म्हातारीने लोखंडी पेटीतून वही काढली. अकरा दिवसांपैकी नऊ दिवसांचे दर होते. दोन दिवस गाड्याच सुटल्या नव्हत्या. दरबाईंचं बोट ओळीवरून सरकत सहाव्या दिवसावर थांबलं. सकाळी सात नव्वद, दुपारी अकरा.

"अकरा?" त्यांनी विचारलं. "लिहिताना चूक तर नाही ना झाली?"

"चूक कसली," म्हातारी म्हणाली. "त्या दिवशी एक बाई दोन मुलींना घेऊन खिडकीशी आली होती. सकाळी तिच्याकडे तिघींचे पैसे होते. गाडी उशिरा लागली, दुपारी दर बदलला, आणि पैसे दोघींचेच उरले. यांनी मुलींना तिकिटं दिली. बाई फलाटावरच राहिली. हे घरी आले आणि जेवले नाहीत."

दरबाईंनी सगळे दर आपल्या वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते नऊ दर तक्त्यात भरले, प्रत्येक दिवसाचा शेवटचा, दोन घरं रिकामी ठेवली आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी चष्मा पुसला. "हा रेल्वेचा दर आहे, बँकेचा नाही."

"बँका बंद होत्या, साहेब. लोक ज्या दराने जगले तो हाच."

"संगणकाला रिकामं घर चालत नाही, बाई."

पुष्कळ वादावादीनंतर तडजोड ठरली: आकडे सरळ रेघेचेच, पण वर चांदणीची खूण आणि खाली टीप, की हे अंदाजे आहेत, आणि त्याच टीपेत नोंदलेले नऊ दर. बाईंनी दात आवळून होकार दिला. पुस्तक छापून आलं तेव्हा चांदण्याही नव्हत्या आणि टीपही नव्हती. छापखान्याला विचारलं तर म्हणे, ते चिन्ह आमच्या अक्षरांत बसत नव्हतं, म्हणून खालची टीपही काढली. सहाव्या दिवसापुढे दिमाखात छापलं होतं: पाच अठ्ठावन्न.

त्यांनी शुद्धिपत्र मागितलं. खर्च मंजूर नाही, असं उत्तर आलं. निदान पुस्तकावरून माझं नाव काढा म्हणाल्या, तर साहेब म्हणाले, आता छापून झालंय. बाई टेबलाशी येऊन बसल्या आणि कितीतरी वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. मी चहा आणला, तो तसाच गार झाला.

दोन महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला कार्यालयाने काय द्यावं? तेच पुस्तक, रंगीत कागदात गुंडाळून. साहेबांचं भाषण चालू असतानाच बाईंनी कागद उलगडला, ते पान काढलं आणि पेनाने अकराही आकडे खोडले. शेजारी नऊ दर बारीक अक्षरात लिहिले, दोन ठिकाणी नुसती रेघ ओढली, खाली मास्तरांच्या वहीचा उल्लेख केला आणि सही ठोकली. मग पुस्तक साहेबांच्या हातात दिलं.

"हे कार्यालयातच ठेवा," त्या म्हणाल्या. "मला घरी नको."

साहेब गोरेमोरे झाले, पण त्यांनी ते घेतलं. ते आता माझ्या कपाटात असतं. त्या वर्षाचे दर विचारायला कुणी आलं, की मी तेच काढून देते. दरबाई मधूनमधून फोन करतात आणि पहिला प्रश्न हाच असतो, की शुद्धिपत्र निघालं का. अजून निघालेलं नाही.