कळलावीचा कंद

दिघीपासून आत, खाडीकाठच्या एका गावात सरकारी सुईण म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी तेवीस वर्षांची, एकटी. राहायला एक खोली आणि मागे परसू. बाळंतपणं यायची ती एका आठवड्यात चार, नाहीतर महिनाभर एकही नाही. त्या रिकाम्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. घासलेली भांडी पुन्हा घासायची, पेटीतल्या कात्र्या पुन्हा उकळायच्या, दारात जाऊन खाडीकडे बघायचं. पावसात आगरदांड्याची होडी बंद पडली की जास्तच. दवाखाना पलीकडे, डॉक्टर पलीकडे, अलीकडे मी.

परसात विहिरीचं सांडपाणी मुरायचं. माती काळी, बारा महिने ओली. मिरच्या लावल्या, मुळं कुजली. वांग्यांचंही तेच. शेजारी एक कोळीण राहायची, सुकी मासळी विकणारी, माझ्या आईच्या वयाची. ती म्हणाली, "रानातलं कायतरी लाव गो. त्येला वल सोसते."

गावकुसाबाहेर कुंपणावर कळलावी चढलेली असे. खाली पिवळ्या, वर लाल, मागे वळलेल्या पाकळ्या. वेल वाळल्यावर मी तिचा कंद खणून आणला. नांगरासारखा, दोन फाट्यांचा. मातीत ओहोळाची रेती आणि कुजका पाला कालवून वरंबा केला, म्हणजे ओल राहील पण पाणी तुंबणार नाही. कंद आडवा ठेवून चार बोटं माती लोटली. त्यापुढे फक्त धीर हवा होता, आणि तोच माझ्यापाशी नव्हता. दोन दिवस गेले की बोटाने माती सारून बघायची. असंच बघताना कंदाचं टोक मोडलं, आणि कळलावीला कोंब येतो तो टोकालाच. ते वर्ष फुकट गेलं.

कोळीण हसली. "पोटातलं पोर पन असंच उकरून बघतेस काय?"

दुसऱ्या वर्षी नवे कंद लावले आणि हात आवरले. वेल माझ्या खांद्यापर्यंत आला. तिसऱ्या भाद्रपदात परसू फुलांनी भरला. गौरीसाठी बायका फुलं मागायला येऊ लागल्या आणि मला पहिल्यांदाच त्या गावात बरं वाटलं.

त्यातच आतल्या गावातली एक शेतकरीण आली. बरोबर तिची सून, पहिलटकरीण, आठवा सरत आलेला. फुलं पदरात घेऊन सासू म्हणाली, "बाई, एक कंद पन द्या. हिला कामाला येल."

कळा लवकर याव्यात म्हणून तो कंद उगाळून बेंबीवर, तळपायांवर लावतात हे मला ठाऊक होतं. काहीजणी पाजतातही. मी सरळ सांगितलं, "ते विष आहे. पोटात गेलं तर बाई मरते. कळा सुरू झाल्या की मला बोलवा."

"आमच्यात लावतात," सासू म्हणाली. सून फुलांकडे बघत उभी राहिली.

आश्विनात एका दुपारी मी दुसऱ्या गावचं बाळंतपण उरकून परत आले, तर वरंबा खणलेला. एक वेल मुळासकट उपटून टाकलेला, खाली कंद नव्हता. मी पेटी घेतली आणि तशीच त्या आतल्या गावाकडे निघाले. भात पिवळं पडायला लागलं होतं, बांध निसरडे. दोनदा पडले. चालताना डोक्यात एकच घोळत होतं: मीच लावला, मीच वाढवला, मीच घरापाशी आणला.

सून कळा देत होती. तळव्यांवर लेप लागलेला. शेजारी वाटी रिकामी.

"पाजलंत?" मी ओरडले.

"न्हाय," सासू म्हणाली. "वरनं लावलाय निस्ता."

मी लेप धुऊन काढला. सूर्य मावळायच्या आत मुलगी झाली, ठणठणीत. सासू म्हणाली, "बघा, कंदानं काम केलं का न्हाय!" त्या रिकाम्या वाटीवरनं माझी नजर हटेना. मी तिथेच राहिले, दुसऱ्या दिवसापर्यंत. बाळंतीण खोकली तरी मी उठायची. सकाळी तिला एकदा उलटी झाली, तेव्हा मी दारापर्यंत धावले. होडी मिळेल का म्हणून कुणाला धाडावं, ते सुचेना.

सासू पाण्याला गेली तेव्हा सुनेने माझा हात धरला.

"बाई, तुमी येवड्या नका घाबरू. तिनं वाटी दिली व्हती. म्या पदरात वतली."

मी दाराकडे पाहून तिच्याजवळ सरकले.

"तुमीच सांगितलाव ना, मरते म्हनून. तिला नका सांगू. घरात ऱ्हायचंय मला."

मी सांगितलं नाही. पण त्याची शिक्षा मलाच झाली. सासूने वाटी पाजल्याचं सांगत गावोगाव कंदाचे गुण गायले, आणि पंधरा दिवसांत तीन घरच्या बायका कंद मागायला आल्या. मी विष म्हटलं की त्या म्हणायच्या, तिची सून कशी वाचली मग? मला उत्तर माहीत होतं आणि देता येत नव्हतं. एका सकाळी कुदळ घेऊन मी सगळा वरंबा उलटापालटा केला, बारीक तुकडेसुद्धा वेचून जाळले. तरी मन थाऱ्यावर आलं नाही. कुंपणावरची कळलावी काही मी जाळू शकत नव्हते.

पुढच्या गौरीला त्या दोघी फुलं मागायला आल्या, आणखी चारजणी होत्याच. फुलं नाहीत म्हटल्यावर सासूने पुन्हा कंदाची कथा लावली. सुनेने कडेवरची पोर दुसऱ्या कडेला घेतली आणि म्हणाली, "आत्याबाय, म्या पिलं न्हाय त्ये. लुगड्यात वतलं."

सासू पायरीवर बसली. तिथूनच सुनेला म्हणाली, "मना सांगितलं न्हाईस?"

"तुमी ऐकलं असतंव?"

सासू उठली आणि एकटीच चालू लागली. सून मागून गेली. त्या घरात पुढे काय झालं ते मला कळलं नाही. महिनाभर मी त्या वाटेकडे बघत होते.

कार्तिकात भात झोडायच्या दिवसांत तीच सासू माझ्या दारात उभी राहिली. पायाला पेंढा चिकटलेला, धाप लागलेली. तिच्या पुतण्याच्या बायकोचे दिवस भरले होते.

"चला," ती म्हणाली. "कळा नुकत्याच सुरू झाल्यात. आत्ताच चला."

मी पेटी उचलली. ती इतकी भरभर पुढे चालत होती की मला धावावं लागलं.