बाटली माझ्याच मांडीवर संपायची

माझी नात बाटलीचं दूध फक्त माझ्या मांडीवर प्यायची. सगळ्यांना त्याचं कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं, आणि तेच मला आता खुपतं.

सुनेच्या आईचे गुडघे धड नाहीत म्हणून बाळंतपणाला मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला आले. व्हिसावर सहा महिने राहायची परवानगी. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. इथली शेगडी काचेची, तिच्यावर बोट टेकवायचं असतं, पण माझ्या बोटानं ती कधी पेटत नाही. दाराची बेल वाजली की मी आतल्या खोलीत जाते. बाळाला तेल लावणं तेवढं मला येत होतं.

सून कामावर रुजू झाली, म्हणजे पलीकडच्या खोलीत दार लावून बसायला लागली, आणि बाळ बाटलीवर आलं. तिथून बिनसलं. दोन घोट घेतले की मान फिरवायची. पोट टणक व्हायचं, पाय आखडून रडायची. डॉक्टरनी दूध बदलून दिलं, ते चाललं नाही म्हणून दुसरं दिलं. वजन काही भरेना. सून अंगावर पाजायला घ्यायची तेव्हा दोघीही रडत असायच्या.

खालच्या मजल्यावर एक चिनी आजी राहायच्या. माझ्यासारख्याच मुलाकडे आलेल्या. हिरवळीवर आम्ही आपापली बाबागाडी ढकलायचो आणि एकमेकींकडे बघून हसायचो, कारण दुसरं काही बोलता येत नव्हतं. एक दिवस नात कळवळून रडत होती. आजींनी तिच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. त्यांनी तळहात एकमेकांवर घासून गरम केले, बाळाच्या हाताचा अंगठा धरला आणि त्याच्या कडेवरून टोकाकडून मुळाकडे बोट फिरवत राहिल्या. मग बेंबीभोवती तळहात गोल गोल फिरवला. बाळ गप्प होऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसलं.

सुनेनं रात्री फोनवर शोधलं. "आई, हा चायनीज मसाज आहे. तुइना म्हणतात." तिनं डॉक्टरनाही विचारलं. त्या म्हणाल्या, करायला हरकत नाही, पण हात हलका ठेवा, दूध पाजल्यावर लगेच करू नका, आणि वजनाला घेऊन येत जा.

आजी मला रोज हिरवळीवर शिकवू लागल्या, पण हलका हात मला जमेना. आपल्या मालिशीत जोर लागतो. त्यांच्या मालिशीत पाठीवरची कातडी खालून वर चिमटीत सरकवत न्यायची असते, तिथे मी दाबलं की आजी माझ्या मनगटावर चापट मारायच्या. शेवटी त्यांनी स्वतःच्या मिटलेल्या पापणीवर बोट ठेवून दाखवलं. एवढंच वजन. मग जमलं.

मालिशीनं गुण आला की नव्या दुधानं, देव जाणे. पण बाळ पिऊ लागलं. मी मालिश करायची, थोडं थांबायची, मांडीवर घ्यायची आणि बाटली संपायची. सून मीटिंगमधून धावत यायची. "संपवली?" म्हणायची. हसायची, पण बाटली उचलून उजेडात धरून बघायची. तिच्याकडे दिलं की बाळ ताठ व्हायचं आणि मान वळवून मला शोधायचं.

मुलगा म्हणाला, "आई, तुला आता आम्हीच स्पॉन्सर करतो. पोस्ट, चीफ फीडिंग ऑफिसर."

"पगार काय देणार?" मी म्हटलं.

"दोन वेळचं जेवण. तेही तूच करायचं."

आम्ही दोघं हसलो. सून भांडी मशीनमध्ये लावत होती. मुलगा तिच्याकडे वळून म्हणाला, "खरंच, एक्स्टेन्शन फाईल करू या. आई गेली तर बाळाला पाजणार कोण?"

सून भांडी लावत राहिली. मुलगा उठून गेल्यावर माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "आई, तुम्ही राहा. मला खरंच हवंय. पण मग ती माझ्याकडे दूध कधी घेणार?"

जन्मात कुणाचं माझ्यावाचून असं अडलं नव्हतं. त्या पोरीचं अडलं आणि मी सुखावले, तिची आई समोर झुरत असताना. सगळ्यांना माहीत होतं की मी जाणार आहे, तरी आम्ही बाळाला माझीच सवय लावली. ती लागत असताना मला दिसत होती.

मी मुलाला सांगितलं, मुदत वाढवू नकोस. सुनेला दुपारी शेजारी बसवून शिकवलं. ती माझ्यापेक्षा लवकर शिकली, तिचा हात मुळातच हलका. पण मी खोलीत असेपर्यंत बाळ तिच्याकडे बाटली घेईना. म्हणून मी म्हटलं, "अगं, मी खाली जाऊन बसते. रडली तरी मला हाक मारू नकोस."

जिन्याच्या पायरीवर बसले. वरची खिडकी उघडी होती. रडणं सुरू झालं, वाढलं. कुत्रा घेऊन जाणारी एक बाई थांबून काहीतरी विचारू लागली, मी नुसतीच मान हलवली. पोरीला मी रडवतेय असं वाटत होतं, आणि वर गेले तर तिच्या आईला रडवेन हेही कळत होतं. पदर तोंडाशी धरून बसून राहिले. मग आवाज थांबला. पिते आहे की दमून झोपली, हे खालून कळायला मार्ग नव्हता.

बऱ्याच वेळानं वर गेले. सून सोफ्यावर बसली होती, केस विस्कटलेले, बाळ तिच्या छातीवर झोपलेलं. ती ओठ जेमतेम हलवत पुटपुटली, "आई, अर्धी घेतली."

"छान झालं," मी म्हटलं. खरंच छान झालं होतं. पण माझी नजर बाटलीत उरलेल्या अर्ध्या दुधावर गेली आणि ते उरलंय याचं मला बरं वाटलं. मी लगेच आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले.