मागच्या काचेवरची ओली रेघ

गाडीच्या मागच्या काचेशी तोंड नेऊन तो 'हाऽऽ' करायचा. काचेवर वाफ धरली की आपल्याला काच तापवायचं बटण दाबायला लावायचा आणि वाफ कुठे विरते, कुठे तशीच राहते ते बघत बसायचा. कोणी फडकं पुढे केलं की हात झटकायचा. "पुसायचं नाय. बघायचं."

मसोलीला ज्यांनी गाडी दाखवली असेल त्यांना तो आठवेल. वरोरच्या मच्छीमार घरातला, गाड्यांचं वायरिंग करणारा, महातापट. त्याची टपरी आता तिथे नाही. काचेवरच्या बारीक तपकिरी रेघा तापल्या की पावसाळ्यात मागचं दिसतं, एवढी साधी गोष्ट. पण आम्हा सरकारी नोकरांची तऱ्हाच निराळी. स्वतःच्या गाडीच्या मागच्या काचेला आतून खात्याचं आणि तालुक्याचं नाव चिकटवायचं आणि बदली झाली की ते ब्लेडने खरवडायचं. नावाबरोबर रेघाही जायच्या. "बदली तुमची आणि ब्लेड काचेला," असं तो तोंडावर सुनवायचा.

तलासरीहून बदलून आलेल्या आमच्या साहेबांच्या गाडीच्या तीन रेघा अशाच तुटल्या होत्या. त्याने मीटर लावून जागा शोधल्या, दोन्ही बाजूंनी टेप चिकटवून बारीक ब्रशने वीज वाहून नेणारा चांदीचा रंग भरला आणि वाळायला एक दिवस लागेल, उद्या या म्हणाला. साहेबांना संध्याकाळी वेवजीला जेवायला जायचं होतं. त्यांनी किल्ली मागितली. याने ती खिशात टाकली.

"घाईनेच खरवडलंत ना साहेब? आता थांबा."

लोक हसले. मीही हसलो. त्याला ते हसणंच भोवलं.

पंधरा दिवसांत आमच्याच कचेरीतून अतिक्रमणाची नोटीस निघाली. ओळीत नऊ टपऱ्या, नोटीस एकट्या त्याला. तिच्यावर जावक क्रमांक घातला मी. याच हाताने. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? फार तर माझी बदली झाली असती. थू असल्या नोकरीवर! आज हे लिहितानाही अंगाची लाही होते, आणि साहेबांपेक्षा जास्त राग माझाच येतो.

नोटीस द्यायला मलाच धाडलं. त्या दिवशी माझी गाडीही सकाळपासून त्याच्याकडेच होती. त्याने कागद वाचला, पोच म्हणून सही केली. आता हा शिव्या घालणार, म्हणून मी मान खाली घातली. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"टपरी हलवायला तीन दिवस आहेत ना अजून?" तो म्हणाला. "मग झालं. तुमची एक रेघ ओली आहे भाऊ. गाडी उद्या न्या."

राहू दे, असं म्हणून मी हात पुढे केला. माझी गाडी त्याच्या दारात साहेबांना दिसू नये, एवढीच मला घाई होती. मग खिशातून किल्ली काढून त्याने माझ्या हातावर ठेवली.