एकात मिरची

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते कपकेकला भोकं पाडायचं. मी भोकं पाडत होतो, ती भरत होती, आणि दोघं एकमेकांना बोलत होतो.

"अवं, विहीर खणायला बसलात का? पेरभर पाडा. बुड फुटलं तर सगळं सारण तुमच्या टाळक्यावर वतीन."

"मग तूच पाड."

"मी पाडीन, पण भरायला तुम्हाला बसवलं तर अर्धं तुमच्याच तोंडात जाईल."

खोटं नव्हतं.

ही माझी बायको. बाजारात तिला सगळे मिरचीवाली म्हणायचे, कारण ती मिरची विकायची. रताळी विकली असती तरी हेच नाव पडलं असतं. मखमलाबादकडची आमची वाडी बिल्डरने घेतली, आम्ही पोराच्या मागे इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो, तरी तिने नदीकाठच्या बाजारातली बसायची जागा सोडली नाही. पोरगा म्हणायचा, आई, आता शोभत नाही. ती म्हणायची, "तुला शोभत नसंल तर तू नको बसू."

तिची एक खोड होती. गोडाचं काही केलं की त्यातल्या एकात ठेचा भरायची. करंज्या असोत, मोदक असोत, एकात मिरची ठरलेली. वरून खूण काही नाही. ज्याला लागेल त्याचं नशीब. आमच्या लग्नात तिच्या बहिणींनी माझ्या ताटात तसली करंजी वाढली होती. मी ती सगळ्यांसमोर सावकाश चावून खाल्ली आणि म्हणालो, गोड आहे. डोळ्यांत टिपूस येऊ दिला नाही. तिथेच फसलो. तेव्हा रडलो असतो तर खेळ तिथेच मिटला असता. तिने मनात धरलं. "एक दिवस तिखट म्हणायला लावीन तुम्हाला," म्हणायची. जन्मभर निम्म्या मिरच्या मलाच लागल्या आणि दर वेळी मी गोड आहे म्हणालो. आमचा संसार म्हणजे हाच. प्रेम वगैरे ज्यांना बोलून दाखवायचं त्यांनी दाखवावं.

आता विहीणबाई. सुनेची आई. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, बोलणं साखरेत घोळलेलं. एकदा आमच्याकडे जेवल्या आणि हात पुसता पुसता म्हणाल्या, "पुरणपोळी छानच हो तुमची. पण केकचं वेगळं असतं. मोजून मापून करावं लागतं, ते काही तुमच्या हातचं नव्हे."

आमची म्हातारी हसली. ती भांडायची तेव्हा मला काही वाटायचं नाही. हसली की मी सावध व्हायचो.

दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या फोनवर बघून सुरू. पहिले कपकेक दगड झाले. नंतरचे कोरडेठाक, घशात अडकायचे. मी म्हटलं, कुत्र्याला मारायला बरे आहेत. तिने तोच एक मला मारला. मग तिची अक्कल बाजारात गेली. मिरची-कोथिंबीर ती कायम ओल्या फडक्याखाली ठेवायची. "सुकलं त्याला गिऱ्हाईक नाय," हे तिचं बोलणं. तिने पिठात दही घातलं, लोण्याऐवजी तेल घातलं, आणि भट्टीतून काढल्या काढल्या गरम कपकेकवर ओलं फडकं टाकलं. असे मऊ आणि ओलसर झाले की दात नसलेल्या माणसाने खावेत. मी आणखी एक घेतला. तिला तेवढं पुरायचं.

विहीणबाईंच्या साठीची पार्टी ठरली तेव्हा ही म्हणाली, केक मी करणार. प्रत्येकात आत काहीतरी वेगळं. कशात गुलकंद, कशात चॉकलेट, कशात नारळाचं सारण, कशात द्राक्षाचा मुरंबा. त्या दिवशी ती बाजाराला गेली नाही. सकाळपासून आम्ही दोघं ओट्याशी. मला हात धुवायला पाठवलं तेव्हाच कळलं.

"कुठल्यात भरलीस?"

"सांगितलं तर मजा काय?"

"आणि त्या बाईलाच लागली तर?"

"तर देव आहे म्हणीन."

शेवटच्या भोकावर बूच बसवलं आणि म्हणाली, "जरा पाठ टेकते. वरची क्रीम लावायच्या वेळी उठवा."

उठवायला गेलो. उठली नाही.

दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. घर माणसांनी भरलं. जो तो म्हणतोय, किती शांत बाई, किती गोड स्वभाव, कधी कुणाला उलट बोलली नाही. मला वाटायला लागलं, मी दुसऱ्याच कुणाच्या मयताला येऊन बसलोय. डोळ्यांत पाणी येईना. येणार कसं? ते सांगत होते त्या बाईला मी ओळखतच नव्हतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरात पिशवीचा आवाज झाला. विहीणबाई कपकेकच्या डब्यापाशी कचऱ्याची काळी पिशवी उघडून उभ्या. "सुतकाचं अन्न घरात ठेवू नये. हे सगळं टाकून द्यायला हवं."

मी म्हटलं, "हात लावू नका."

पोरगा मध्ये पडला. "अप्पा, त्या बरोबर सांगतायत."

"तुझ्या सासूबाईंना सांग, डब्याला हात लावला तर मी वयाचा मान ठेवणार नाही." मग त्यांच्याकडेच वळलो. "तिच्या हातचं नव्हे म्हणालात ना? तुमच्यासाठीच केलेत. एक खा आणि सांगा, जमले की नाही."

त्यांनी पदराने डोळे टिपले आणि बाहेर निघून गेल्या. खाल्ला नाही. मी डब्यावर ओलं फडकं टाकलं आणि डबा उशाशी ठेवला.

सकाळी डबा घेऊन निघालो. पोरगा दारात आडवा आला, "लोक भेटायला येतील, तुम्ही चाललात कुठं?"

"आलेल्यांना पाणी दे," म्हटलं आणि रिक्षा केली.

नदीकाठी तिची जागा रिकामी होती. शेजारी मेथीवाली यमुना. वीतभर जागेवरून या दोघी वर्षानुवर्षं भांडल्या. रोज पोतं एकीने पुढे सारायचं, दुसरीने मागे ढकलायचं. आज सगळी जागा मोकळी, तरी यमुनाचं पोतं हद्दीच्या आत होतं.

"काय वं, कुठंय ती भवानी? काल पण नाय आली."

"काल गेली."

"कुठं?"

मी रिकाम्या जागेवर डबा टेकवला. यमुनाच्या हातातली जुडी तशीच राहिली.

मी डबा उघडला. "तिनं केलेत. सुतकाचे आहेत. खायचे तर खा, नाय तर राहू दे."

बाकीच्या बाया मागे सरकल्या. यमुना म्हणाली, "तिच्या शिव्या मला लागल्या नाय, सुतक काय लागतंय?" आणि एक उचलला. अर्धा तोंडात घातला, दोनदा चावला, आणि तिचा चेहरा लालेलाल. खोकली, पाणी प्यायली, आणि रिकाम्या जागेकडे तोंड करून सुरू झाली.

"सटवे! भवाने! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाय म्हणत्यात, तुझी मेल्यावरबी नाय गेली! आता मी भांडू कुणाशी गं, रांडे?"

आख्खा बाजार वळून बघायला लागला. तिच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि तोंड थांबत नव्हतं. मी उभ्यानेच सगळं ऐकलं. कालपासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बायकोबद्दल बोलत होतं.

यमुनाने उरलेला अर्धा माझ्या हातात कोंबला. "घ्या. तुमचाच असंल हा."

मी खाल्ला. सावकाश, चावून. ती बघत होती.

"काय वं?"

"तिखट आहे," मी म्हणालो.